लेलिट बियांका: घरी आल्यानंतरचे सुरुवातीचे अनुभव

वाफाळ

‘कुठलं एस्प्रेसो मशीन घेऊ’ या माझ्या जुन्या धाग्यावर बऱ्याच जणांनी ‘घेतलंत की लिहा’ असं बजावलं होतं, म्हणून हा धागा. मशीन गणपतीच्या आधी आलं, आता फराळाचे डबे रिकामे होत आलेत. नव्याची नवलाई ओसरलीय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

ज्यांनी तो धागा वाचला नाही त्यांच्यासाठी: लेलिट ही इटलीत ब्रेशाजवळची कंपनी, २०२२ मध्ये ब्रेव्हिलने विकत घेतली. बियांका हे त्यांचं घरगुती वापराचं वरच्या टोकाचं मशीन. कॉफीसाठी ०.८ लिटरचा आणि वाफेसाठी १.५ लिटरचा असे दोन वेगळे बॉयलर, रोटरी पंप, अडीच लिटरची टाकी. पुढे ई-६१ जातीचं ग्रूप हेड (कॉफीची पूड भरलेली जाळी जिथे अडकवतात तो भाग) आणि त्यावर लाकडी मुठीचं पॅडल. पॅडल फिरवून कॉफीवर पडणाऱ्या पाण्याचा प्रवाह हाताने कमीजास्त करता येतो. वजन साडेसव्वीस किलोच्या आसपास, त्यामुळे ‘लागेल तेव्हा काढू, नाहीतर कपाटात ठेवू’ हा विचार मनात आणू नका. एकदा ओट्यावर ठेवलं की ते तिथलंच. टाकी मागे, डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही लावता येते म्हणूनच आमच्या अरुंद ओट्यावर मावलं. वर कपाट असेल तर टाकी भरायला आणि कप तापत ठेवायला हात जाईल एवढी जागा आधी टेपने मोजा.

वीज: ओट्यावरच्या मिक्सरच्या प्लगवर चालवू नका, १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. सोबतची प्लग युरोपीय गोल पिनांची असते, ती इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतली. अडॅप्टरवर एवढा भार टाकणं मला पटत नाही.

आता मुद्द्याचं. ई-६१ ग्रूप म्हणजे पितळेचा चारेक किलोचा ठोकळा. फाएमा कंपनीने १९६१ मध्ये काढलेली ही रचना, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव पडलं. बॉयलरमधलं गरम पाणी नळीतून वर ग्रूपमध्ये येतं, थंड होऊन खाली परत जातं, असं सतत फिरत राहतं आणि तो ठोकळा तापलेला ठेवतं. तापमानाला फार स्थिर, पण तापायला अर्धा तास. बॉयलरचा आकडा दहाएक मिनिटांत ९३ अंश दाखवायला लागतो, त्याला भुलायचं नाही. ग्रूप अजून कोमटच असतो. मी १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावून पहाटे साडेपाचला चालू होईल असं करून ठेवलंय. त्याच प्लगवर दिसतं त्याप्रमाणे सकाळच्या दोनेक तासांना साधारण एक युनिट जातं. ज्यांना ऑफिसातून आल्या आल्या पाच मिनिटांत कप हवा असेल त्यांनी हा ग्रूप घेऊच नये.

चव? पहिला कप माझ्या जुन्या छोट्या एका बॉयलरच्या मशीनवरही चांगलाच निघायचा. नीट दळलं, नीट मोजलं, १८ ग्रॅम पूड आणि २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी, की झालं. फरक दुसऱ्या कपापासून सुरू होतो. जुन्यावर कॉफी काढायची, मग वाफेसाठी बॉयलर तापेपर्यंत थांबायचं, मग दूध, मग पुढच्या कॉफीसाठी तो परत थंड करायचा. घरात पाच जण, त्यातले चार दूधवाले. शेवटच्याचा कप येईपर्यंत पहिल्याचा पिऊन विसळून व्हायचा. आता एकीकडे कॉफी उतरतेय तोवर दुसऱ्या हाताने दूध होतं, आणि पाचवा कप पहिल्यासारखाच लागतो. पैसे मोजले ते यासाठी, असं माझं मत झालंय.

पॅडलबद्दल उद्या लिहितो. पाण्याबद्दलही लिहायचंय, ते मोठं प्रकरण आहे.

मी_ठाणेकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). किंमत लिहायची राहिली, की मुद्दाम राहू दिली?

वाफाळ

मुद्दाम. :) ग्राइंडर, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा), पिचर (दूध फेसाळायचं भांडं), वजनकाटा सगळं धरून तीनच्या पुढे, चारच्या आत. लाखांत.

आल्याचा_चहा

तेवढ्यात सेकंडहँड वॅगनआर येते हो. आणि तिला तापायला अर्धा तास लागत नाही.

बंगळुरी_बाणा

अभिनंदन वाफाळ! पण थोडा विरोधी सूर लावतो. माझ्याकडे थर्मोब्लॉकचं (बॉयलरऐवजी वाहतं पाणी तापवणारं) साधं मशीन आणि त्याहून महागडा ग्राइंडर आहे. मी एकटा, दिवसाला दोन कप, दोन्ही काळे. मित्राच्या घरी तुमच्यासारखंच ई-६१ आहे, तिथे एकच बीन्स दोन्हीकडे काढून पाहिले. डोळे मिटून प्यायलो असतो तर कुठला कुठला ते पैजेवर सांगता आलं नसतं. मशीनवर दोन-तीन लाख घालण्यापेक्षा ताज्या बीन्सवर घाला, चिकमंगळूरला एक चक्कर मारा, असं माझं म्हणणं. पॅडलने नेमकं काय साधतं हे वाचायला उत्सुक आहे.

वाफाळ

@बंगळुरी_बाणा, तुम्ही म्हणता ते एकट्या काळी पिणाऱ्याला शंभर टक्के लागू आहे. म्हणूनच मी पाचव्या कपाचं लिहिलं.

पॅडल. मशीनच्या फोटोंत सगळ्यात जास्त दिमाख याचाच, आणि आमच्या घरात सगळ्यात कमी काम यालाच. काय करतं ते सांगतो. एरवी पंप सुरू झाला की दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीवर लगेच ९ बारचा दाब येतो. पॅडल जवळजवळ बंद ठेवून सुरुवात केली की पाणी हळू शिरतं, पूड सगळीकडून सारखी भिजते, ग्रूपवरच्या काट्यावर दाब दोन-तीन बारवर रेंगाळताना दिसतो. खाली थेंब दिसायला लागले की पॅडल उघडायचं. शेवटी चव पातळ होऊ लागते तेव्हा पुन्हा थोडं आवळून सहाएक बारवर आणायचं. हलक्या भाजणीच्या बीन्स बारीक दळाव्या लागतात, आणि एवढं बारीक दळलं की पाणी कुठूनतरी फट काढून निसटतं. तिथे या हळू भिजवण्याचा फरक खरोखर जाणवतो. आंबटपणा टोचायचा थांबतो, फळाची चव उमटते. रविवारी निवांत असताना मी रत्नागिरी इस्टेटचे बीन्स असे काढतो (हे रत्नागिरी कोकणातलं नाही, बाबाबुदनगिरीकडचं). दळणाचा अंदाज चुकून कॉफी धो धो यायला लागली तर पॅडल आवळून कप वाचवताही येतो.

पण मध्यम-गडद भाजणी आणि त्यावर दीडशे मिली दूध, इथे पॅडलची कसरत केली काय आणि न केली काय, बाबांना ओळखू आलेलं नाही. मलाही नाही. आठवडाभर ते पूर्ण उघडंच असतं. दूधवाल्या घरासाठी घेत असाल तर पॅडल नसलेलं दोन बॉयलरचं मशीन घ्या आणि उरलेले पैसे ग्राइंडरवर लावा. हे पॅडलवालं घेऊन बसलेला माणूस सांगतोय.

म्युनिकची_सर

माझ्याकडे हेच मशीन बरीच वर्षं आहे, तेव्हा थोडी भर.

पॅडलबाबत बराचसा सहमत. ते मला आवडतं, पण मी आणि नवरा दोघंही काळी पितो.

देखभालीचं कुणी आधी सांगत नाही ते असं. बंद तळाची जाळी लावून नुसत्या पाण्याने बॅकफ्लश (पाणी उलटं ढकलून ग्रूप आतून धुणं) वरचेवर केलं तरी चालतं. डिटर्जंट घालून मात्र वारंवार करू नका. ई-६१ च्या दांड्याच्या आतला कॅम आणि पिना ग्रीसवर चालतात, डिटर्जंट ते ग्रीस धुऊन टाकतं. मग दांडा करकरायला, जड लागायला सुरुवात होते. तेव्हा घाबरून सर्व्हिस सेंटर शोधत फिरू नका, वरचा भाग पान्याने उघडून खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीस लावलं की काम होतं. ग्रूपचं गॅस्केट कडक होऊन पाणी बाजूने झिरपायला लागलं तर सिलिकॉनचं बसवा, रबरापेक्षा जास्त टिकतं. या जुन्या रचनेचा हाच फायदा: सुटे भाग जगभर मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात.

पाण्याचं तुम्ही काय केलंत? आमच्याकडचं पाणी चांगलंच जड, १५-१६ जर्मन अंश. नळाचं थेट घातलं तर बॉयलरमध्ये चुना धरायला वेळ लागत नाही.

वाफाळ

@म्युनिकची_सर, ग्रीसचं सोन्यासारखं सांगितलंत, ट्यूब मागवतो.

पाणी. आमच्या सोसायटीत दोन प्रकारचं येतं. महापालिकेचं म्हणजे धरणाचं, ते मऊ. टीडीएस मीटर शंभरच्या खालीच दाखवतो. आणि उन्हाळ्यात किंवा गुरुवारी पाणी बंद असलं की टँकर, म्हणजे कुठल्यातरी बोअरचं. त्याला तोच मीटर पाचशेच्या वर जातो. टाकीत दोन्ही मिसळतं, तेव्हा आज कुठलं आलंय हे कुणी सांगू शकत नाही. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे हेही लक्षात असू द्या. मीटर एकूण विरघळलेले क्षार सांगतो, त्यातला चुना किती ते नाही. त्यासाठी मत्स्यालयवाल्यांच्या दुकानात थेंब टाकून मोजायचं किट मिळतं, ते घ्या.

बहुतेक लोक इथे म्हणतात, ‘आरओचं घाला, प्रश्न मिटला.’ मिटत नाही. आरओने सगळंच काढून टाकलं तर तीन गोष्टी होतात. कॉफी चपटी लागते. पाण्यात आम्ल सावरणारं काही उरत नाही, त्यामुळे धातू झिजायची भीती. आणि वाफेच्या बॉयलरमधली पातळी ओळखणारी काडी पाण्यातून वीज वाहते का यावर चालते. फारच शुद्ध पाण्यात तिला पाणी आहे हेच कळत नाही आणि बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरतो.

मी करतो ते सोपं आहे: आरओचं पाणी जितकं उतरवता येईल तितकं उतरवून (घरच्या यंत्रात चव वाढवायचा स्क्रू असतो, तो बंद), लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. २० लिटरच्या जारला २ ग्रॅम. यात कॅल्शियम नाही म्हणून चुना धरायचा प्रश्न नाही, आम्ल सावरलं जातं आणि काडीलाही पाणी कळतं. खाण्याच्या दर्जाची पावडर घ्या, शेतीच्या दुकानातली नको. असल्या दोन बॉयलरच्या मशीनला घरी डीस्केल करणं (धरलेला चुना काढणं) कटकटीचं आणि जोखमीचं असतं, चुना धरूच द्यायचा नाही हे स्वस्त.

घाटमाथा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

साय_साखर

वाफाळ, एवढं पाण्याचं लिहिलंत आणि दुधाला एक ओळ? आमच्याकडे खरं घोडं तिथेच अडलंय. मशीन तुमच्यापेक्षा लहान, पण दोन बॉयलरचंच. सासूबाई पिशवी आली की आधी तापवतात, साय काढून ठेवतात आणि ते दूध मला कॉफीला मिळतं. फेस येतो पण साबणासारखा, मोठे बुडबुडे, मिनिटात खाली बसतो. व्हिडिओत दाखवतात तसं रंगासारखं गुळगुळीत दूध कधीच होत नाही. म्हशीचं आहे म्हणून का?

वाफाळ

@साय_साखर, हा खरा मराठी घरातला प्रश्न! म्हशीचा दोष नाही.

फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. चरबीने तोंडात भरदारपणा येतो. म्हशीच्या दुधात दोन्ही भरपूर. पण दूध उकळलं की साय धरते, आणि साय म्हणजे नुसती चरबी नसते, तिच्यात प्रथिनंही अडकलेली असतात. ती तुम्ही काढून ठेवता. शिवाय उकळल्याने उरलेल्या प्रथिनांची घडण बदलते. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, कॉफीपुरतं ते न तापवता वापरायला काहीच हरकत नाही. सासूबाईंना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे आईला पटायला नवरात्र उजाडलं. आता एक पिशवी ‘मशीनची’ म्हणून वेगळी येते.

दुसरं, पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ आहे का बघा. नसेल तर मलई वर तरंगते आणि पिचरमध्ये गुठळ्या येतात. आमच्याकडे गायीचं होमोजिनाइज्ड सगळ्यात सोपं जातं. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट, त्याचा कप मस्त होतो पण गोल फिरवायला दूध जड जातं, हात बसायला वेळ लागतो. टोन्ड, ३ टक्के, फेस ढीगभर आणि चव पाणचट.

तिसरं, फ्रिजमधलं थंडगार घ्या, पिचर निम्म्याहून कमी भरा. सुरुवातीचे काही सेकंदच वाफेच्या नळीचं टोक पृष्ठभागाशी ठेवून हवा घ्यायची, फडकं टराटरा फाटल्यासारखा आवाज येतो तेवढाच वेळ. मग टोक किंचित खाली बुडवून दूध भोवऱ्यासारखं फिरू द्यायचं. पिचर हाताला सोसवेना झाला की बंद, म्हणजे ६० अंशांच्या आसपास. आपल्याला कॉफी वाफाळती लागते म्हणून लोक ७५ पर्यंत नेतात. तिथे गोडवा जातो आणि उकळल्या दुधाचा वास लागतो. बाबांना ६० ची कॉफी ‘गार’ वाटते. त्यांचा कप आधी गरम पाण्याने तापवून घेतो, भांडण मिटतं.

तिसरी_घंटा

+१. आणि दूध शिळं नको. पिशवी फोडून दोन दिवस झालेलं दूध चवीला ठीक लागलं तरी फेस धरत नाही. चरबी फुटून सुटी आम्लं तयार होतात, ती बुडबुडे फोडतात. साय_साखर, आधी तेवढंच बदलून बघा.

साय_साखर

न तापवलेलं, आजचंच, गायीचं. जमलं!! सासूबाईंनी स्वतः दुसरा कप मागितला, पण ‘कच्चं दूध’ हा शब्द काढायला मला बंदी आहे.

मी_ठाणेकर

माझा बाळबोध प्रश्न: आमच्याकडे माटुंग्याहून फिल्टर कॉफीची पूड येते, चिकोरीवाली. ती यात चालेल का?

वाफाळ

नको. चिकोरी पाण्यात विरघळते, चकती चिकट होऊन प्रवाह अडतो. आणि ई-६१ मध्ये शॉट संपल्यावर उरलेला दाब ग्रूपमधूनच सुटतो, त्याबरोबर तो चिकटा आतल्या व्हॉल्व्हमध्ये जातो. शिवाय ती पूड एस्प्रेसोसाठी जाडसरच असते. त्याच दुकानात चिकोरीशिवायचं पीबेरी (एकदाणी गोल बी) आणि थोडं रोबस्टा (कॉफीची कडक जात) असं मिश्रण अख्ख्या बीन्समध्ये मागा आणि घरी दळा. रोबस्टाने क्रेमा (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) जाड येतो आणि दुधातही कॉफी हरवत नाही. रोबस्टाला नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, इटलीत कित्येक मिश्रणांत असतो. फिल्टर मात्र मोडीत काढू नका, त्या पुडीचं तिथेच चीज होतं.

आल्याचा_चहा

म्हणजे तीन-चार लाख घालून शेवटी पितळी फिल्टर हवाच. नोंद घेतली आहे.

घाटमाथा

आधी जे लिहिलं ते चुकीच्या धाग्यावर होतं, क्षमस्व. चिखलदऱ्याची कॉफी कुणी या असल्या मशीनवर काढून पाहिली आहे का? माझा मावसभाऊ परतवाड्याला असतो, तो आणून देतो.

बंगळुरी_बाणा

चिखलदऱ्याची मी मोका पॉटवर प्यायलोय. सौम्य, फारशी आंबट नाही. भाजणीची तारीख पाकिटावर नव्हती हीच अडचण. एस्प्रेसोला भाजून साधारण आठवडा ते महिना झालेले बीन्स बरे. फार ताजे असतील तर वायू सुटून फेसच फेस, जुने असतील तर क्रेमा गायब. वाफाळराव, मावसभावाकडून हिरव्या बीन्स मागवून तुमच्याकडे भाजता येतील का?

वाफाळ

भाजायचं यंत्र या घरात आलं तर मला बाहेर राहावं लागेल. पण घाटमाथा, भाजलेल्या पाठवल्यात तर पॅडल उघडं ठेवून एक आणि हळू भिजवून एक असे दोन्ही काढून इथे लिहितो. पाकिटावर भाजल्याची तारीख तेवढी पेनाने लिहायला सांगा.

घाटमाथा

सांगतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, पत्ता द्या.